दवाखान्याआधीचा तास

मंडळी, घरात कुणाच्या छातीत कळ आली तर आपण आधी काय करतो? सोडा-लिंबू देतो, ओवा चावायला लावतो, पाठ चोळतो. "पित्त झालं असेल, पडा जरा," असे वडीलधारी म्हणतात आणि रात्र सरते. गाडी सकाळी शोधायची. आज या रात्रीविषयीच सांगायचे आहे, पण त्यासाठी जरा लांब, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जाऊ.

तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळात फ्रँक पँट्रिज नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत निकस अन्नावर राबून त्यांचे स्वतःचे हृदयही दुखावले होते. १९६० नंतर मोठ्या इस्पितळांत हृदयविकाराचे वेगळे कक्ष निघाले. त्याआधी झटका येऊन दाखल झालेल्या शंभरांतले सुमारे तीस दगावत. रात्रंदिवस नजर ठेवल्यावर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. इतरांना हायसे वाटले. पँट्रिज मात्र इस्पितळात न पोचलेल्यांचा हिशेब बघत होते. झटक्याने जाणाऱ्या मध्यम वयाच्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या तासातच जात. इस्पितळाच्या वहीतले मृत्यू घटले खरे, पण कितीतरी माणसे त्या वहीत नाव लागण्याआधीच संपत होती.

झटका आला की सुरुवातीलाच ठोक्यांची लय बिघडू शकते. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. तेव्हा काही मिनिटांत विजेचा धक्का दिला तर ते पुन्हा चालू लागते. म्हणून पँट्रिज यांनी धक्का देणारे यंत्रच गाडीत चढवले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते धूड सत्तर किलोंचे होते. खताच्या दीड पोत्याएवढे म्हणा! जानेवारी १९६६ पासून डॉक्टर आणि नर्स ही गाडी घेऊन रोग्याच्या दारी जाऊ लागले. पहिल्या १५ महिन्यांत ३१२ रोगी आणले, वाटेत एकही दगावला नाही.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ नंबरची गाडी आहे, तिच्यातल्या काहींत असे यंत्रही असते. पण हाक मारल्याशिवाय ती येणार कशी? छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, गार घाम, दम लागणे, यांतले काही दिसले की सोडा शोधत बसू नका. बायाबापड्यांना आणि मधुमेहींना कधी कधी कळ येतच नाही, नुसता घाम नि दम असतो. रोग्याला एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालवत नेऊ नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितके हृदय वाचते.

ते इंजेक्शन तालुक्याला कुठल्या दवाखान्यात रात्रीही मिळते, आणि गाडी येईपर्यंत ॲस्पिरिनची गोळी कुणाला चालेल, कुणाला नाही, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना येत्या बाजाराच्या दिवशीच विचारून या. उत्तर फोन नंबरासकट दाराआडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे घरातल्या पोरालाही वाचता येईल.