दोन देशांतील निवृत्ती : दिवसांचा हिशेब आणि शेवटाचा विचार

निवृत्तीचे नियोजन म्हटले की भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी आणि निवृत्तिवेतन यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. परदेशात उमेदीची वर्षे घालविलेल्या भारतीयांपुढे मात्र आणखी एक प्रश्न उभा असतो. मुले-नातवंडे तिकडे, भावंडे आणि वडिलोपार्जित घर इकडे. अशा वेळी उतारवय कोठे काढावे? पुष्कळांनी यातून मधला मार्ग काढला आहे. उन्हाळा परदेशात आणि हिवाळा मायदेशी, अशी ही सहामाही निवृत्ती होय.

चेन्नई शहरात हा प्रकार विशेष दिसून येतो. तंजावरात १६७६ ते १८५५ या काळात मराठ्यांचे राज्य होते. तेथील अनेक मराठी घराणी कालांतराने मद्रासेत स्थायिक झाली, आणि त्यांची पुढची पिढी इतर चेन्नईकरांप्रमाणेच अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर येथे पांगली. आता निवृत्तीनंतर या मंडळींना डिसेंबर-जानेवारीतील संगीतोत्सव, नामांकित रुग्णालये आणि ओळखीची माणसे पुन्हा खुणावू लागतात. हा बेत आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे पतिपत्नी दोघांचीही प्रकृती दर वर्षी लांबचा विमानप्रवास करण्याजोगी राहील. हे गृहीत कधी ना कधी मोडतेच. म्हणून सहामाही निवृत्ती सुरू करतानाच तिचा शेवट कोणत्या देशात आणि कोणाच्या आधाराने होणार, हे ठरविणे अगत्याचे आहे. बाकीचे सर्व हिशेब त्यानंतर सुकर होतात.

प्रारंभ दिवसांच्या हिशेबापासून करावा. प्राप्तिकर कायद्यानुसार एका आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. ‘ऑक्टोबरात यावे आणि मार्चअखेर परतावे’ हा बेत सोयीचा वाटतो. पण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे दिवस मोजून पाहिले तर ते बरोबर १८२ भरतात, आणि लीप वर्षी १८३. म्हणजे नकळत रेषा ओलांडली जाते. ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि ज्यांनी मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले आहेत, त्यांच्यासाठी ही मर्यादा २०२०-२१ पासून १२० दिवसांवर आली आहे. निवासी ठरल्यानंतर पहिली काही वर्षे ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेली’ असा मधला दर्जा मिळू शकतो. तो संपला की परदेशातील उत्पन्नही भारतीय करकक्षेत येते. पारपत्रावरील शिक्क्यांची नोंद एका वहीत ठेवणे आणि परतीचे तिकीट काढण्यापूर्वी करसल्लागाराशी बोलणे, एवढी दक्षता पुष्कळ कटकटी वाचविते.

बँक खात्यांच्या बाबतीत ‘फेमा’ हा निराळा कायदा लागू होतो. त्यात दिवसांबरोबर हेतूही पाहिला जातो. परदेशातील कमाई एनआरई खात्यात ठेवता येते आणि ती मुक्तपणे परत नेता येते. भारतातील घरभाडे, लाभांश, निवृत्तिवेतन हे एनआरओ खात्यात जमा होते. तेथून कर भरून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. परंतु जी व्यक्ती अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने परतली, तिने ही खाती निवासी खात्यांत रूपांतरित करून घेतली पाहिजेत. अनेक ज्येष्ठ खातेदार मुक्काम वाढत वाढत कायमचे राहून जातात आणि शाखेला कळविण्याचे राहून जाते. एनआरई व एनआरओ ठेवींवर ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर मिळत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या नागरिकांची परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षभरात कधीही दहा हजार डॉलरवर गेली, तर त्यांना तेथील सरकारला ती माहिती द्यावी लागते.

वैद्यकीय खर्चाचा विचार अधिक गांभीर्याने व्हावयास हवा. अमेरिकेतील मेडिकेअर योजना सर्वसाधारणपणे त्या देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. चेन्नईतील उपचार तिकडच्या मानाने स्वस्त असले तरी अतिदक्षता विभागातील महिनाभराचा मुक्काम साठविलेली पुंजी हलवू शकतो. आरोग्य विम्यासाठी ६५ वर्षांची कमाल प्रवेशमर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये काढून टाकली, ही समाधानाची बाब आहे. मात्र पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. याचा अर्थ, विमा उतरवायचा तो येण्याच्या पहिल्याच वर्षी. तहान लागल्यावर विहीर खोदण्यासारखे काम येथे चालत नाही.

घराच्या बाबतीतही घाई नको. महाराष्ट्रात पावसाळा सप्टेंबरअखेर सरतो. चेन्नईत मात्र ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. म्हणजे पाहुणे येण्याचा मोसम आणि वादळांचा मोसम एकच. डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चे ‘वरदा’ चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ हे या शहराच्या स्मरणात आहेत. पूर आणि वादळ या दोन्ही वेळी, २०१५ आणि २०२३ मध्ये, विमानतळही बंद ठेवावा लागला होता. उलट २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरविणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते आणि टँकरपुढे रांगा लागल्या होत्या. यास्तव प्रथम एक पूर्ण हंगाम भाड्याच्या घरात काढावा, तळमजला टाळावा, शेजाऱ्यांकडून पाण्याची स्थिती जाणून घ्यावी आणि मगच खरेदीचा निर्णय घ्यावा. रिकाम्या सहा महिन्यांत किल्ली कोणाकडे राहील, कर आणि वीजबिल कोण भरील, याची व्यवस्था आधी हवी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकांना निवासी घर घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही.

यापुढील मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ‘भाच्याला मुखत्यारपत्र दिले आहे, आता चिंता नाही’, असे समाधान अनेक ज्येष्ठ बाळगून असतात. हे समाधान अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मृत्यू पावली किंवा तिचे मानसिक भान हरपले, तर मुखत्याराचा अधिकार संपतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा अवस्थेतही चालू राहणारी मुखत्यारपत्रे करता येतात. त्यामुळे तेथून आलेल्यांचा गैरसमज अधिक होतो. ज्या दिवसासाठी तो कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी भारतात तो निरुपयोगी ठरतो.

ही कल्पनेतील भीती नव्हे. २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे चेन्नईतील एका पत्नीचे प्रकरण आले. पती कोमात होते, उपचारांचा आणि घरचा खर्च चालविण्यासाठी त्यांच्या नावावरील मालमत्ता विकणे आवश्यक होते. कोमातील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद कायद्यात नसल्याने प्रथम एकल न्यायाधीशांकडून नकार मिळाला. पुढे दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पत्नीला पालक नेमून विक्रीची मुभा दिली. न्याय मिळाला, परंतु रुग्णशय्येशेजारून उठून न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या पत्नीची मुले सातासमुद्रापार आहेत आणि जिला येथील कारभार ठाऊक नाही, तिची अवस्था काय होईल, याची कल्पना करावी.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते धडधाकट असतानाच केले पाहिजेत. खाती आणि ठेवी एकाच्याच नावे न ठेवता पतिपत्नींनी ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात व्यक्ती’ या पद्धतीने संयुक्त ठेवाव्यात. दोघेही अनिवासी असले तरी हे शक्य आहे. नामनिर्देशन प्रत्येक खात्यास करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांसाठी चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालक नव्हे. म्हणून भारतातील मालमत्तेचे मृत्युपत्र स्वतंत्रपणे करावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सुलभ केलेले वैद्यकीय इच्छापत्र आता नोटरीसमोरही करता येते. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे त्यात लिहून ठेवता येते.

आणि या सर्व कागदांआधी एक संवाद व्हायला हवा. दोघांपैकी एकच उरल्यावर त्या व्यक्तीने कोणत्या घरात राहायचे? चेन्नईच्या घरात एकट्याने, मुलांकडे परदेशात, की ज्येष्ठांसाठीच्या निवासी संकुलात? हा प्रश्न कटू वाटतो म्हणून तो टाळला जातो, आणि मग त्याचे उत्तर रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात, फोनवर, दोन देशांतील वेळांचा मेळ घालीत शोधावे लागते. दोन देशांत राहण्याची सवलत ही भाग्याची गोष्ट आहे. ती निर्धास्तपणे उपभोगायची असेल, तर पहिले तिकीट काढण्यापूर्वीच पतिपत्नींनी मुलांना समोर बसवून या प्रश्नाचे उत्तर शोधावे, आणि पत्नीलाही प्रत्येक कागद कोठे आहे हे दाखवून ठेवावे.