दारावरचं नाव स्वतः कापून बघा! स्क्रोल सॉचा छंद

दारावरची नावाची पाटी ऑनलाइन मागवली की चार-पाच दिवसांत घरी येते. फाँट निवडायचा, रंग निवडायचा, पैसे भरायचे, झालं. पण तुम्ही बेंगळुरू, चेन्नई किंवा कोलकात्यात राहत असाल आणि पाटी मराठीत हवी असेल, तर गंमत सुरू होते. ‘कुलकर्णी’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘प्रज्ञा’मधला ज्ञ फुटतो. बनवणाऱ्याला देवनागरी येत नसेल तर त्याला चूक कळतही नाही. मग आपण निमूटपणे इंग्रजी पाटी मागवतो.

त्यापेक्षा आपलं नाव आपणच लाकडात कापलं तर? या वेळी छंद म्हणून स्क्रोल सॉबद्दल बोलू या.

स्क्रोल सॉ म्हणजे लाकडावर नक्षी कापायची बारीक करवत. ती चालते कशी, हे समजायला शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. तिथे सुई एकाच जागी खालीवर होते आणि आपण कापड फिरवतो. इथे सुईच्या जागी दोन्ही टोकांना ताणून बसवलेलं, साधारण ५ इंच लांबीचं बारीक पातं असतं आणि कापडाच्या जागी लाकडाची फळी. पातं खालीवर होत राहतं आणि तुम्ही दोन्ही हातांनी फळी हळूहळू पुढे सरकवत पेन्सिलच्या रेघेप्रमाणे वळवता. पातं इतकं अरुंद असतं की फळी जागच्या जागी गोल फिरवता येते. सुताराच्या साध्या करवतीला हे जमत नाही.

आतली नक्षी कापायची असेल तर आधी तिथे छोटं भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं आणि मग कापायचं. एका जाळीत चाळीस भोकं असतील तर हे सगळं चाळीस वेळा. हे वाचूनच कंटाळा आला असेल तर हा छंद तुमचा नाही, सरळ सांगते. पण मटार सोलताना, रांगोळीचे ठिपके काढताना ज्यांचं डोकं शांत होतं, त्यांनी पुढे जरूर वाचावं.

हे काम नवं नाही. मैसूरूला शिसवी लाकडात जडावकाम करणारे कारागीर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ तुकडे अशाच बारीक करवतीने कापतात आणि शिसवीत खाच करून बसवतात. इंग्लंडमध्ये पायाने चालवायच्या नक्षी-करवतींचं एके काळी इतकं वेड होतं की १८९५मध्ये ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिकच निघालं आणि त्यात कापायचे नमुने छापून येऊ लागले. मोबाइल नव्हते तेव्हा लोक संध्याकाळी हेच करत बसायचे!

मशीन आधी घेऊ नका

व्हिडिओ बघितले की पहिली इच्छा मशीन घेण्याची होते. थोडं थांबा. हाताची नक्षी-करवत मिळते, तिला फ्रेट सॉ म्हणतात. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी लोखंडी चौकट, खाली मूठ आणि मध्ये तेच बारीक पातं. काही शे रुपयांत काम होतं. सोबत एक छोटी फळी लागते, तिला पुढच्या बाजूने इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडायची आणि ती क्लॅम्पने टेबलाच्या कडेला घट्ट बसवायची. कापायचं लाकूड या खाचेवर ठेवायचं, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना आधार मिळतो. ही फळी कोणताही सुतार पाच मिनिटांत करून देईल.

पातं बसवताना दात खाली, मुठीच्या दिशेने हवेत. म्हणजे करवत खाली ओढताना लाकूड कापलं जातं आणि फळी टेबलावर दाबलेली राहते. दात उलटे बसले तर फळी उड्या मारते. पातं पुरेसं ताणलंय का, हे बोटाने छेडून बघा. तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर अजून ताण हवा.

पाती नंबरावर मिळतात. नंबर लहान तितकं पातं बारीक. ३ ते ६ मिलिमीटर प्लायसाठी १ ते ३ नंबर पुरतं, पाऊण इंचाच्या लाकडासाठी ५ किंवा ७ घ्या. डझनावारी घ्या, कारण पाती तुटतात. तुमचं काही चुकलं म्हणूनच तुटतात असंही नाही. बारीक पातं ही संपायचीच वस्तू आहे, उदबत्तीसारखी.

सुरुवातीला सगळ्यांनाच एक अडचण येते. करवत रेघेवरून एका बाजूला ओढली जाते. आपण घाबरून पात्याला बाजूने ढकलतो, पातं वाकतं आणि कापाची कड तिरकी होते. करायचं उलट असतं. पात्याला समोरून हलकाच दाब द्यायचा आणि वळवायची ती फळी. बहुतेक पाती बनतानाच किंचित एका अंगाला कललेली असतात, त्यामुळे फळी थोडी तिरपी धरून सरळ रेघ कापावी लागते. दोन-तीन दिवसांत हाताला ते कळतं, शब्दांत सांगून फारसं कळत नाही.

देवनागरीचा फायदा

आता मूळ मुद्दा, म्हणजे नाव. इंग्रजी नाव लाकडात कापलं तर अक्षरं सुटी होऊन हातात येतात. मग ती एकेक करून सरळ ओळीत चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेषा आहे! सगळी अक्षरं वरून एकाच रेघेला लटकलेली, त्यामुळे पूर्ण नाव एकाच अखंड तुकड्यात निघतं. ‘ग’ आणि ‘ण’ बघा, त्यांचे दोन भाग एकमेकांना कुठेच चिकटलेले नसतात, फक्त शिरोरेषेने धरलेले असतात. लहानपणी शिक्षक शिरोरेषा द्यायला का ओरडायचे, ते करवत हातात घेतल्यावर पटतं.

पण म्हणूनच शिरोरेषा जाड ठेवा. अक्षरं ३ इंच उंच असतील तर रेघ निदान १० मिलिमीटर हवी. फाँटही जाडजूड, गोलसर निवडा. ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे देवनागरी फाँट मोफत मिळतात. त्यातला ‘बालू’ तर जणू यासाठीच काढलाय, कारण त्याचे कोपरे गोल आहेत आणि गोल वळण टोकदार कोपऱ्यापेक्षा कापायला सोपं. नाव मोठ्या आकारात प्रिंट करा, प्लायवर आधी मास्किंग टेप लावा आणि टेपवर कागद चिकटवा. काम झालं की टेपसकट कागद सहज निघतो, लाकूड खराब होत नाही.

कापण्याआधी पेन्सिल घेऊन नावातल्या बंद जागा मोजा. ‘पवार’मध्ये दोन, ‘प’च्या पोटात एक आणि ‘व’च्या पोटात एक. ‘ठाकूर’मधल्या ‘ठ’चा गोल म्हणजे एक आणि ‘क’ची गाठ दुसरी. जितक्या बंद जागा तितकी भोकं आणि तितक्या वेळा पातं ओवणं. या आतल्या जागा आधी कापून घ्या, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर हातात धरायला लाकूडच उरत नाही आणि नाजूक भाग मोडतो.

अनुस्वार मात्र सुटा पडतो. ‘सावंत’, ‘शिंदे’, ‘आनंद’ यांनी आधीच ठरवायचं. पाटीला मागून दुसरी फळी लावणार असाल तर टिंब वेगळं कापून त्या फळीवर चिकटवा. नुसतंच नाव भिंतीवर लावणार असाल तर चित्रातच टिंबापासून शिरोरेषेपर्यंत छोटासा दांडा काढा. थोडं वेगळं दिसतं, पण वाईट नाही.

लाकूड कोणतं? मला विचाराल तर पहिल्या पाटीसाठी प्लायच घ्या. साग दिसायला सुंदर, पण लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने बळकट आणि आडवं कमकुवत असतं. रेषा आडव्या ठेवल्या तर शिरोरेषा मजबूत होते पण उभे काने मोडतात. रेषा उभ्या ठेवल्या तर काने वाचतात आणि शिरोरेषा तुटते. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ही भानगडच नाही.

घरात मुलं असतील तर त्यांना पाटीत रस वाटणार नाही. त्यांच्यासाठी नकाशा. १७६०च्या दशकात लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. जिगसॉ पझलची सुरुवात तिथली मानतात. तुम्ही भारताचा राजकीय नकाशा ६ मिलिमीटर प्लायवर चिकटवून राज्यांच्या सीमांवरून कापा. गोवा आणि सिक्कीम सोफ्याखाली जाणार हे गृहीत धरा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हाताची करवत देता येते, पण तुम्ही समोर बसायचं, फोन बाजूला ठेवून.

धुळीचं काय?

हा भाग व्हिडिओत कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा लांबवते. आमच्या इमारतीत एक मराठी काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. वर्षभर टीव्ही आणि वर्तमानपत्रात घालवल्यावर त्यांना हा नाद लागला. सुताराकडे उरलेले एमडीएफचे तुकडे फुकट मिळाले, ते हॉलमध्येच कापायला बसले. काकूंना दमा आहे. दोन आठवड्यांत त्यांचा इन्हेलर वाढला. पुण्याहून मुलाचा फोन आला, “बाबा, बंद करा ते.” काका काही बोलले नाहीत, सामान माळ्यावर टाकलं आणि पुन्हा टीव्हीसमोर बसले. घरात कुणालाच ते बघवत नव्हतं, काकूंनाही नाही.

शेवटी तोडगा काकूंनीच काढला. एमडीएफ पूर्ण बंद. काम गच्चीवर, दुपारी ४ ते ६. त्यासाठी वेगळा शर्ट, तो घराबाहेरच झटकून काढायचा आणि हातपाय धुऊन आत यायचं. गेले सहा-सात महिने हे चालू आहे. काकूंचा त्रास पूर्वीच्या पातळीवर आला आणि काकांच्या हातून अर्ध्या इमारतीच्या पाट्या झाल्या.

एमडीएफ कापायला लोण्यासारखं असतं, पण त्याची धूळ पिठासारखी बारीक उडते आणि त्यात चिकटवणाऱ्या रसायनाचाही अंश असतो. प्लायची किंवा सागाची धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांत धरलं आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं कारखान्यात काम करणाऱ्यांचा, आठवड्यातून दोन तास कापणाऱ्याला तितका नाही, पण एन ९५ मास्क लावायला काय हरकत आहे? भुसा झाडूने झाडू नका, हवेत उडतो. ओल्या फडक्याने पुसा. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि बंद खोलीत हे काम करूच नका.

दहा-पंधरा वस्तू हाताने झाल्यावर मशीन घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण एक गोष्ट दुकानात विचारा: पिन नसलेली पाती बसतात का? पिनवाल्या पात्याच्या टोकाला आडवी खिळी असते, ती जाण्याइतकं मोठं भोक पाडावं लागतं आणि नाजूक नक्षी तिथेच संपते. बिनपिनचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जातं. वेग कमी-जास्त करता येणारं मशीन असेल तर उत्तम. चालवताना चष्मा हवा, केस बांधलेले हवेत आणि ओढणी अजिबात नको.

आणखी एक. तुम्ही काही बनवलं की कुणीतरी विचारणारच, “ऑर्डर घेता का?” लेझर कटिंगवाला हेच नाव काही मिनिटांत कापतो, त्याच्याशी किमतीत स्पर्धा होणार नाही. लेझरने कडा जळून काळसर होते आणि करवतीची कड लाकडाच्या रंगाची राहते, एवढा फरक जाणकाराला दिसतो. पण त्यासाठी जास्त पैसे देणारे थोडेच. माझं मत विचाराल तर निदान पहिलं वर्ष विकण्याचा विचार बाजूला ठेवा. हिशेब सुरू झाला की चाळीस भोकं ओवायला कंटाळा येऊ लागतो.

पाटी कापून झाली की १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासा. दार पावसाच्या माऱ्यात असेल तर आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय आणि पाण्यात टिकणारा गोंद वापरा. दोन हात वॉर्निश द्या, कडांना तीन, कारण पाणी कडांतूनच शिरतं. भिंतीवर लावताना मागे बोटभर जाडीचे दोन-तीन ठोकळे चिकटवा, म्हणजे अक्षरांची सावली भिंतीवर पडते आणि नाव उठून दिसतं. अनुस्वाराचं टिंब वेगळं असेल तर ते सगळ्यात शेवटी चिकटवा. आधी लावलं तर घासताना तेच पहिलं उडतं.