बॅटरी कुणाच्या हातात जाणार?

घरात एकही बॅटरी नाही असं घर विरळाच. पण रात्री अडीचला दिवे गेले की ती जागेवर सापडत नाही. सापडली तर सेल संपलेले, आणि सेल असले तर ते फुटून आतली स्प्रिंग गंजलेली! मग पोराला कडेवर घेऊन चाचपडत निघायचं. पावसाळ्याआधी आपण छत्र्या दुरुस्त करून घेतो, डाळींना ऊन दाखवतो, तशी बॅटरीचीही एकदा विचारपूस करायला हवी.

“मोबाइलमध्ये उजेड आहे की!” असं पुरुषमंडळी हटकून म्हणतील. आहे ना. पण तो उजेड चार पावलांपलीकडे पोचत नाही, भर पावसात फोन बाहेर काढवत नाही, आणि मुख्य म्हणजे अडचणीच्या वेळी फोनचं चार्जिंग बोलण्यासाठी जपावं लागतं. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर कोकणातल्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हा घरात साधी बॅटरी असणं म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना विचारा.

आता दुकानात गेलं की दुकानदार सगळ्यात लांब झोताची बॅटरी पुढे करतो आणि आपले यजमान खूश होऊन तीच घेतात. पण मैत्रिणींनो, लांबचा झोत शेतावर पाण्याच्या पाळीला जाणाऱ्याच्या कामाचा. तुम्हाला जिना उतरायचाय, फ्यूज बघायचाय, आजारी माणसाला औषध द्यायचंय. त्याला पायाशी पसरणारा उजेड हवा. दुकानातच काउंटरखालच्या अंधारात किंवा कोपऱ्यातल्या भिंतीवर लावून बघा. मध्ये लख्ख टिपका आणि भोवती काळोख दिसला, तर ती घरात वापरायची नव्हे.

खोक्यावर ‘ल्युमेन’ असा आकडा असतो. तो एकूण उजेडाचा. जुन्या दोन सेलच्या, बल्बच्या बॅटरीचा उजेड जेमतेम दहा-वीस ल्युमेन भरायचा आणि आपल्या सासूबाईंनी त्यावर सगळा संसार केला. आताच्या एलईडी बॅटरीत घरातल्या कामाला 50 ते 100 पुष्कळ झाले, अंगणात आणि परसात दोन-तीनशे. साध्या हातात मावणाऱ्या बॅटरीवर हजारोंचे आकडे छापलेले असले तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. कमी-जास्त उजेड करता येणारी मात्र जरूर घ्या. मध्यरात्री पांढऱ्या फरशीवर भक्क उजेड पडला की डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

आता हाताचं बघू. घरात वयस्क आई किंवा सासूबाई असतील तर बटण त्यांच्याच अंगठ्याने दाबून बघायला सांगा. पाण्यापासून बचाव म्हणून रबराखाली दडवलेली बटणं संधिवाताच्या बोटांना दबत नाहीत. सरकवायचं बटण बरं. सेल घालून वजन बघा. आणि बुडाशी सपाट असेल तर उत्तमच. ती ओट्यावर उभी करून झोत छताकडे केला की पांढऱ्या छतावरून उजेड खोलीभर पसरतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पोळ्या लाटून होतात.

पावसाळ्यात ज्यांना अंगणातून न्हाणीघराकडे किंवा जळणाच्या खोपीकडे जावं लागतं, त्यांच्यासाठी तर बॅटरी ही चैन नव्हेच. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मण्यार तर रात्रीच हिंडते, घरात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. तेव्हा अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी उजेड टाका. चपलांत, जळणात, मोरीच्या कोपऱ्यात आधी बॅटरी, मग हात. गावाकडे माहेरी जाताना एक सोबत न्याच. आणि दंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी न करता तडक दवाखाना.

सेलवरची की चार्जिंगची? मी म्हणेन, एक-एक. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, म्हणून वीज दोन दिवस नसली तरी ही बॅटरी चालते. फक्त जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, आणि महिनाभर वापर नसेल तर सेल काढून रबराने बॅटरीलाच बांधून ठेवा. फुटतात ते आतच राहिलेले सेल. चार्जिंगच्या बॅटरीला उलट अधूनमधून खुराक लागतो. स्वस्तातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. तो रिकामा पडून राहिला की कायमचा बसतो. दर अमावस्येला चार्जिंगला लावायची असं ठरवून टाका, म्हणजे लक्षात राहतं. चार्जिंग मात्र उशाशी किंवा गादीवर नको.

किल्लीच्या जुडग्याची चिमुकली बॅटरी मुलांना खेळायला देऊ नका. तिच्यातला चपटा गोल सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत जाळतो. नुसता संशय आला तरी उलटी करवत न बसता लगेच इस्पितळ गाठा.

आणि रात्री स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर दिव्याच्या बटणासारखीच बॅटरीचीही कळ तिथे दाबायची नाही. तिची ठिणगीसुद्धा पुरते. अंधारातच रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच 1906 या क्रमांकावर फोन करा.