छप्पर कोणाचे?

पत्रकारांचा क्लब म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर चहाचे पेले, पत्त्यांचा डाव आणि फावल्या वेळच्या गप्पा उभ्या राहतात. अशी एखादी संस्था बंद पडली तर आपले काय बिघडले, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जानेवारी 2022 मध्ये श्रीनगरात जे घडले ते पाहता हा समज बाळगणे परवडणारे नाही.

2018 मध्ये स्थापन झालेल्या काश्मीर प्रेस क्लबची नोंदणी 14 जानेवारी रोजी स्थगित करण्यात आली. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांच्या एका गटाने पोलिसांच्या उपस्थितीत क्लबचा ताबा घेतला. मग गटागटांतील तंट्याचे कारण पुढे करून 17 तारखेस प्रशासनाने पोलो व्ह्यू येथील जागाच परत घेतली. चार दिवसांत संस्था होत्याची नव्हती झाली. ऑगस्ट 2019 नंतर इंटरनेट बंद असता सरकारी केंद्रातील मोजक्या संगणकांपुढे तिष्ठणाऱ्या पत्रकारांनी निषेध नोंदविला तो याच क्लबच्या आवारात. ज्यांच्यामागे मोठे वृत्तपत्र नाही, त्यांस आधाराची जागा हीच होती.

हाँगकाँगची कथा याहून सूक्ष्म आहे. तेथील परदेशी वार्ताहरांचा क्लब 1943 मध्ये युद्धकालीन चुंगकिंग येथे जन्मास आला व 1949 मध्ये हाँगकाँगला स्थिरावला. त्याची वास्तूही सरकारी भाडेपट्ट्याची. 2018 मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षाच्या नेत्यास क्लबने व्यासपीठ दिले. तेव्हा सभेचे सूत्रसंचालन करणारे ‘फायनान्शियल टाइम्स’चे व्हिक्टर मॅलेट यांचा कामाचा परवाना वाढवून मिळाला नाही. पुढे एप्रिल 2022 मध्ये कायद्याच्या लाल रेषा अस्पष्ट असल्याचे सांगून क्लबने आपले मानवाधिकार पत्रकारिता पुरस्कार स्वतःच रद्द केले. कुलूप ठोकावयास सरकारला यावे लागले नाही. ते आतूनच लागले.

मग स्वतःची वास्तू असली म्हणजे सारे साधले काय? तसेही नाही. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब 1908 चा. राष्ट्राध्यक्ष व परदेशी पाहुणे तेथील भोजनप्रसंगी भाषणे देत आणि त्यांतून मोठ्या बातम्या निघत. परंतु स्त्री पत्रकारांना 1955 पर्यंत तेथे वार्तांकनासही प्रवेश नव्हता. त्यानंतर मिळाला तो सज्जात उभे राहण्यापुरता. सभासदत्व मिळावयास 1971 उजाडले. स्वतःच्याच व्यवसायबंधूंना, नव्हे भगिनींना, बाहेर ठेवणारी संस्था वृत्तपत्रस्वातंत्र्याचा उच्चार कोणत्या तोंडाने करणार?

या तिन्ही उदाहरणांचा बोध एकच. छप्पर सरकारी कृपेचे असेल तर ते काढून घेण्यास एक आदेश पुरतो. आणि दार मोजक्यांसाठीच उघडत असेल तर छप्पर गेल्यावर हळहळणारेही मोजकेच उरतात. पोर्तुगीज अमदानीतील सेन्सॉरशिप ज्यांनी अनुभवली वा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्या गोमंतकीयांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. सवलतीच्या जागेसाठी मंत्र्यांकडे अर्ज घेऊन जाणाऱ्या पत्रकार संघटनांनी मात्र त्या अर्जाची खरी किंमत आधीच ताडून पाहावी. वर्गणीतून घेतलेली दोन खोल्यांची भाड्याची जागा दिमाखदार नसेल. पण तेथे लिहिलेल्या निषेधाच्या पत्रकावर सही करताना कोणाचा हात थरथरणार नाही.