पाळण्यात माणसं किती?

उरुसाच्या मैदानात पाळणे उभे राहू लागले की मुलांचं लक्ष फळ्यावर राहत नाही. यंदा आम्ही पाळणाच फळ्यावर आणला.

"सर, आपला पाळणा जगात सगळ्यात मोठा आहे का?" पहिला प्रश्न आला. मग आम्ही आकडे मांडले. अमेरिकेतील शिकागो शहराच्या प्रदर्शनात 1893 साली जॉर्ज फेरिस यांनी 264 फूट उंच पाळणा उभारला. त्याला 36 डबे, एका डब्यात 60 माणसं. मुलांनी गुणाकार केला, 2160! आपली अख्खी शाळा बसूनही डबे उरले असते.

पण तो एका जागी पक्का रोवलेला. गावोगाव फिरणारा पाळणा सुटा करून ट्रकवर चढवता आला पाहिजे, म्हणून तो लहान असतो. अर्थात अपवाद आहेत. पॅरिसचा 60 मीटर उंचीचा फिरता पाळणा देशोदेशी नेला गेला. त्याला कायमचा पाया लागत नाही; तळाशी 40,000 लिटर पाणी भरून तो स्थिर ठेवतात. त्याचे डबे 42, प्रत्येकात 8 जण, म्हणजे 336.

आमच्या मैदानातल्या पाळण्याला 16 डबे, प्रत्येकी चौघं. एकूण 64. चढ-उतार धरून एक फेरी दहा मिनिटांची धरली तर तासाला 384 माणसं. लंडनचा मोठा पाळणा इतका सावकाश फिरतो की माणसं तो चालू असतानाच चढतात-उतरतात. आपला मात्र डब्याडब्याला थांबतो. पहिला डबा भरला की चालवणारा समोरचा नववा भरतो. तराजूसारखं आहे, एकच बाजू जड झाली तर यंत्रावर ताण येतो.

इथवर गणित गोड होतं. संध्याकाळी भाचीला घेऊन आम्ही मैदानात गेलो. तिकिटं काढली, आम्ही, बहीण आणि दोन मुलं मिळून चौघं बसलो. तेवढ्यात चालवणाऱ्याने आणखी एक बाई आणि तिची मुलगी आत घातली. "बच्ची छोटी है, गोद में ले लो." समोरची दांडी लागेना. तो म्हणाला, "हाताने धरून ठेवा."

तेव्हा सकाळचं गणित आठवलं. डब्यामागे एक जण जास्त बसवला तर फेरीला 16 तिकिटं, तासाला 96. पन्नास रुपयांप्रमाणे 4800 रुपये. दांडी का लागत नव्हती ते कळलं.

आम्ही उतरलो. रांगेतले लोक हसले, भाची रडली. "मामू, सगळे बसतात ना!" पैसे परत मिळाले नाहीत. ती बाईही मुलीला घेऊन आमच्या मागोमाग उतरली.

घरी येताना भाचीला विचारलं, डबा किती जणांचा होता? "चार." आपण किती होतो? तिने बोटं मोजली आणि गप्प झाली.

या महिन्यात मुलांना जत्रेत न्याल तेव्हा एवढंच करा. बसण्याआधी डब्यातली माणसं मोजा, दांडी स्वतः ओढून पाहा. लागली नाही तर उतरा. लोक हसले तर हसू द्या.