जोखीम कोणाची, नफा कोणाचा?

आरोग्यसेवेत तंत्रज्ञान आणणाऱ्या नव्या कंपन्यांची, म्हणजेच ‘स्टार्टअप’ची, स्तुतिस्तोत्रे गाताना भांडवलदारी वृत्तपत्रे गेली दहा वर्षे थकलेली नाहीत. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसीनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. डॉक्टरचा सल्ला, औषधे आणि रक्ततपासणी मोबाइलवर विकणाऱ्या कंपन्यांकडे देशी-विदेशी भांडवलाचा ओघ सुरू झाला. या कंपन्यांत राबणाऱ्यांच्या पदरी काय पडते, हा प्रश्न मात्र त्या स्तोत्रांत कोठेच आढळत नाही.

अशा वाढत्या कंपनीत पाऊल टाकणाऱ्या तरुणाला सांगण्यात येते की, येथे मालक आणि नोकर असा भेद नाही. हे एक ‘कुटुंब’ आहे. प्रोग्रॅमर, फोनवर रुग्णांच्या तक्रारी ऐकणारी मुलगी, भल्या पहाटे दारोदार जाऊन रक्ताचे नमुने घेणारा तंत्रज्ञ, सारेच या कुटुंबाचे घटक! कुटुंब म्हटल्यावर कामाचे तास मोजणे अशिष्ट ठरते. वेतनाचा काही भाग रोख न देता भविष्यातील शेअर्सच्या हक्काच्या रूपाने दिला जातो. परंतु ते शेअर्स विकले गेल्याखेरीज त्या कागदाची भाकरी होत नाही.

या कामाची ओढ खोटी आहे, असे नव्हे. आडगावच्या रुग्णाला शहरातील तज्ज्ञाचा सल्ला घरबसल्या मिळतो, यात काम करणाऱ्याला वाटणारे समाधान खरे आहे. पण त्याच समाधानाचे भांडवल करून त्याच्याकडून जादा श्रम वसूल केले जातात.

शिवाय येथे ‘वाढ’ म्हणजे आरोग्याची वाढ नव्हे, तर कंपनीच्या बाजारमूल्याची वाढ. फार्मइझीचे उदाहरण बोलके आहे. २०२१ मध्ये तिच्या मूळ कंपनीने नवी मुंबईच्या थायरोकेअरमधील ६६.१ टक्के हिस्सा सुमारे ४,५४६ कोटी रुपयांना खरेदी करण्याचा करार केला. त्याच वर्षी तिने ६,२५० कोटी रुपयांच्या भागविक्रीसाठी अर्ज केला. २०२२ मध्ये तो मागे घेतला. २०२३ मध्ये तिने पूर्वीच्या भावाहून सुमारे ९० टक्के कमी दराने नवे शेअर्स विकण्यास काढले. ज्यांनी आपली बचत म्हणून या शेअर्सच्या हक्काकडे पाहिले, त्यांच्या हाती काय उरले असेल, याचा हिशेब कोणी मांडला? भांडवलाचा ओघ आटला की दुसरे हत्यार उपसले जाते, ते नोकरकपातीचे. २०२२ मध्ये बंगळुरूच्या एमफाइनने शेकडो कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी केले. चढत्या काळात ‘कुटुंब’, उतरत्या काळात ‘खर्च’, असा हा न्याय आहे.

कायद्यानेही याच न्यायाची पाठराखण केली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी स्थायी आदेशांची सक्ती १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू केली. म्हणजे वाढीच्या पहिल्या टप्प्यातील बहुसंख्य कंपन्या त्यातून आपोआप सुटल्या. ज्या तंत्रज्ञांना ‘भागीदार’ म्हणून कामावर घेतले जाते, ते तर गिग कामगार ठरतात. त्यांच्यासाठी कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, असे संहिता म्हणते. मात्र त्यांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांची मर्यादाही तीच घालते. भागीदारीत नफ्याचा वाटा नाही आणि नोकरीचे हक्कही नाहीत!

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग कर्नाटकातील आयटी कर्मचाऱ्यांनी दाखवला आहे. २०१७ मध्ये तेथे त्यांची कामगार संघटना उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये दिवसाला १४ तास कामाची मुभा देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा ही संघटना रस्त्यावर उतरली आणि तो प्रस्ताव तेव्हा कायद्यात उतरला नाही. प्रोग्रॅमर आणि नमुने गोळा करणारा तंत्रज्ञ ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. पगारातील अंतर विसरून ते एका संघटनेत आले, तरच कामाचे तास, रोख वेतन आणि कपातीविरुद्ध संरक्षण यांची मागणी बळ धरील.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. ती पोकळी भरण्याच्या नावाखाली हा बाजार मांडला गेला. म्हणून या कर्मचाऱ्यांचा लढा आणि सार्वजनिक आरोग्यसेवेचा लढा एकमेकांपासून वेगळे काढता येणार नाहीत.