नवा डबा रुळावर चढण्याआधी
घरातल्या छोट्या रेल्वेसाठी नवा डबा आणला की तो लगेच इंजिनाला जोडावासा वाटतो. मी आधी चाकं तपासतो. एचओ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, चाकं थोडी जरी आत-बाहेर असली तरी सांध्यावर डबा घसरतो. मग वजन. सहा इंची डबा साधारण ११३ ग्रॅमचा हवा. हलका डबा लांब गाडीत वळणावर आत खेचला जाऊन कलंडतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, त्या हिशेबाने छोटे रूळ १९ मिलिमीटरहून जास्त अंतरावर हवेत, ही तफावत मला अजून सलते.